५५५ टिंकरकॅडवर लुकलुकतो, ब्रेडबोर्डवर मात्र सतत पेटून राहतो. शिवाय पुढे कोणत्या क्रमाने शिकवावं?

मये_विज्ञानमंडळ

नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत नववीच्या आठ मुलांना इलेक्ट्रॉनिक्सची ओळख करून द्यायची आहे. दोघादोघांच्या चार जोड्या केल्या आहेत. शाळेच्या संगणकावर टिंकरकॅड (ब्राउझरमध्ये सर्किट जोडून चालवून पाहायचा मोफत सिम्युलेटर) उघडतं आणि त्यावर ५५५ या टायमर आयसीचा लुकलुकणारा दिवा सगळ्यांना जमला. तेच सर्किट ब्रेडबोर्डवर, म्हणजे सामानाचे पाय खोचून जोडायच्या छिद्रांच्या पाटीवर, उभं केलं की अडतं.

जोडणी अशी आहे. पिन ८ आणि ४ प्लसला, पिन १ मायनसला. प्लस ते पिन ७ मध्ये १० किलोओहम, पिन ७ ते पिन ६ मध्ये ६८ किलोओहम. पिन २ आणि ६ एकमेकांना जोडलेल्या, तिथून मायनसला १० चा कपॅसिटर. पिन ५ पासून मायनसला १० चाच दुसरा कपॅसिटर. पिन ३ पासून ४७० ओहम, मग लाल एलईडी, मग मायनस. बॅटरी ९ व्होल्टची चौकोनी, सर्किट चालू असताना ८.६ व्होल्ट दाखवते.

एलईडी लुकलुकत नाही. थोडा मंद, पण एकसारखा पेटून राहतो. पिन ३ आणि मायनसमध्ये मल्टिमीटर ३.८ व्होल्ट दाखवतो. आयसी बदलून पाहिला, काही फरक नाही. चारपैकी दोन जोड्यांच्या बोर्डांवर नेमकं हेच होतंय.

चूक कुठे असेल? दुसरं म्हणजे यापुढे कोणती सर्किट्स, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या मोफत सिम्युलेटरवर घ्यावीत? सुटं सामान किती आणावं? चवथीपर्यंत मखरासाठी धावते दिवे जमले तर मुलांचा हुरूप वाढेल.

अंत्रुज_सर्किट

सर, ३.८ हा आकडा लिहिलात ते फार बरं केलंत, निदान त्यातच आहे. ५५५ अडकून पडला असता तर पिन ३ वर एक तर शून्याच्या जवळपास किंवा ७ च्या आसपास व्होल्टेज मिळालं असतं. साध्या एनई५५५ चं आउटपुट पुरवठ्यापेक्षा साधारण दीड व्होल्ट खाली राहतं, म्हणजे तुमच्या बॅटरीवर ७.१ च्या आगेमागे. तुम्हाला मिळालंय त्याच्या निम्म्याहून किंचित जास्त. १० आणि ६८ किलोओहम घेतल्यावर आउटपुट एका फेरीतला ५३ टक्के वेळ वर असतं, आणि ७.१ चे ५३ टक्के म्हणजे ३.८. मल्टिमीटर सरासरी दाखवतोय. आयसी चालू आहे, लुकलुकही होतेय, पण इतकी भरभर की डोळ्याला कळत नाही.

आता पिन २ वरच्या कपॅसिटरवर काय छापलंय ते पाहा. तुम्ही दोन्हीकडे नुसतं ‘१० चा’ असं लिहिलंय, एकक दिलेलं नाही.

मये_विज्ञानमंडळ

पिन २ वर छोटा पिवळट चकतीसारखा आहे, त्यावर १०३. पिन ५ वर काळा उभा डबीसारखा, त्यावर १० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट.

अंत्रुज_सर्किट

अदलाबदल झाली आहे. १०३ म्हणजे १० वर तीन शून्यं, १०,००० पिकोफॅरड, म्हणजेच १० नॅनोफॅरड. तुम्हाला हवा होता १० मायक्रोफॅरड, त्याच्या हजारपट. सूत्रात घालून पाहा:

वारंवारता = १.४४ ÷ ((आर१ + २ × आर२) × सी)

आर१ १० किलोओहम आणि आर२ ६८ किलोओहम धरले तर कंसात १४६ किलोओहम येतात. १० मायक्रोफॅरडला उत्तर ०.९९ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला जवळजवळ एक लुकलुक. १० नॅनोफॅरडला ९८६ हर्ट्झ. टिंकरकॅडमध्ये कपॅसिटरचं एकक यादीतून निवडावं लागतं, त्यामुळे तिथे चूक झाली नाही. हातात घेतलेल्या कपॅसिटरला अशी यादी नसते.

लगेच बदलू नका, आधी मुलांना ही चूक ऐकवा. पिन ३ आणि मायनसमध्ये साधी पिएझो चकती जोडा. आत स्वतःचं सर्किट असलेला बझर चालणार नाही, नुसती चकती हवी. जवळपास एक हजार हर्ट्झची शिट्टी ऐकू येईल. मग १०३ जागेवर ठेवून त्याला समांतर १० मायक्रोफॅरड लावा, उणे पट्टा असलेला पाय मायनसकडे. शिट्टी थांबून टक्-टक् सुरू होईल आणि एलईडी लुकलुकेल. तेच सर्किट आधी कानाला कळत होतं, आता डोळ्याला कळतंय. ऑसिलोस्कोप नसलेल्या शाळेत चकतीचा हा उपयोग सोन्यासारखा आहे.

पिन ५ वर १०३ लावायचा, तो बाहेरची खरखर आत शिरू नये म्हणून असतो. आणि पिन ४ कधीही मोकळी सोडू नका. ती रिसेट आहे. मोकळी राहिली तर बोट जवळ नेल्यावरसुद्धा सर्किट थांबू-चालू होऊ शकतं.

पेडणे_रिपेर

सामानाबद्दल मी लिहितो. चार जोड्यांना चार ८३० छिद्रांचे ब्रेडबोर्ड हवेत. यातल्या बऱ्याच बोर्डांवर कडेची लाल-निळी पट्टी मध्यावर तुटलेली असते, म्हणजे डावीकडचा प्लस उजवीकडे पोचत नाही. ‘अर्धं सर्किट चालतं, अर्धं मेलेलं’ या तक्रारीचं पहिलं कारण हेच. दोन छोट्या तारांनी मधलं अंतर जोडून टाका आणि त्या कायम तशाच ठेवा.

एनई५५५ दहा आणा, दोन-तीन उलटे बसून जळतील. आयसीची खाच डावीकडे ठेवली की खालच्या रांगेत डावीकडची पहिली पिन १, हे फळ्यावर मोठं काढून ठेवा. बीसी५४७ ट्रान्झिस्टर वीस. लाल एलईडी चाळीस. पांढरे-निळे सध्या नकोत, त्यांना ३ व्होल्टच्या आसपास लागतात आणि सुरुवातीची गणितं बिघडतात. पाव वॉटचे रेझिस्टर ४७० ओहम, १ किलोओहम, १० किलोओहम, ६८ किलोओहम आणि १०० किलोओहम, प्रत्येकी वीस. १० आणि १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचे प्रत्येकी पंधरा, १०३ आणि १०४ प्रत्येकी वीस. एलडीआर (प्रकाशाने रोध बदलणारे) चार, १० किलोओहमचे पॉट (फिरवून रोध बदलायचे) चार, पुश बटणं आठ, पिएझो चकत्या चार. पिवळे डीटी८३० जातीचे मल्टिमीटर निदान दोन, आणि त्यांचे जादा फ्यूज.

तारा विकत घ्यायची गरज नाही. नेटवर्किंगच्या कॅट-५ केबलचे उरलेले तुकडे मागून आणा. आत आठ रंगीत, एकेरी तांब्याच्या तारा असतात आणि त्या ब्रेडबोर्डमध्ये बरोबर बसतात. मात्र दोन्ही टोकांना प्लग लावून तयार मिळणारी पॅच कॉर्ड नको. तिच्यात बारीक तारांचा झुबका असतो, तो छिद्रात वाकतो आणि शेजारच्या तारेला चिकटतो.

चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी बाजूला ठेवा. तिची क्षमता कमी आणि आतला रोध जास्त. चार-पाच एलईडी लागले की व्होल्टेज बसतं. चार पेन्सिल सेलचा होल्डर घ्या, ६ व्होल्ट मिळतील. ५५५ च्या लुकलुकीचा वेग पुरवठ्याच्या व्होल्टेजवर अवलंबून नसतो, त्यामुळे तुमची गणितं तीच राहतील. पॉवर बँक वापरायची झाली तर एक ध्यानात ठेवा: करंट फार कमी असला की बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद होतात आणि मुलं सर्किटात चूक शोधत बसतात. २३० व्होल्टच्या कुठल्याही गोष्टीला या वर्गात हात लावायचा नाही. माळेचा अडॅप्टर उघडणंही नाही.

आपल्याकडच्या पावसाचं वेगळं सांगतो. जून ते सप्टेंबर उघड्यावर राहिलेल्या सामानाचे पाय काळे पडतात, किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेने अधिकच. काळा पाय ब्रेडबोर्डच्या स्प्रिंगमध्ये बसतो, पण करंट नीट जात नाही, आणि बोट लावलं की सर्किट चालतं. अशा वेळी पाय ब्लेडच्या बोथट कडेने किंवा खोडरबराने घासा. सगळं सामान घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्या रंग बदलणाऱ्या असतील तर उत्तम, कधी वाळवायच्या ते कळतं.

मल्टिमीटरबद्दल एकच नियम, पण तो पाठ हवा. नववीत तरी करंट थेट मोजायचा नाही. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि मुलाने सेलला टोकं लावली, की तो सरळ शॉर्ट असतो, आणि त्या भोकाला स्वस्त मीटरमध्ये फ्यूज नसतो. करंट हवा असेल तर ४७० ओहमवरचं व्होल्टेज मोजा आणि ४७० ने भागा.

वाळपई_सिम

सिम्युलेटरचं बोलायचं तर तुम्हाला एक पुरणार नाही, पण पाचही नकोत. दोन घ्या.

टिंकरकॅड चालू ठेवा, कारण ते ब्रेडबोर्डसारखं दिसतं आणि रेझिस्टर न लावता एलईडी जोडला तर तो फुटलेला दाखवतं. शिक्षकाच्या खात्यातून वर्ग तयार केला की मुलं वर्गाचा कोड आणि टोपणनाव टाकून आत येतात, त्यांना ईमेल लागत नाही. सर्किट मोठं झालं की सिम्युलेशन खऱ्या वेळेपेक्षा हळू चालतं. तेव्हा लुकलुक मोजायची तर भिंतीवरच्या घड्याळाने नको, पडद्यावर दिसणाऱ्या सिम्युलेशनच्या वेळेनेच मोजा.

दुसरं फॉल्स्टॅड. ब्राउझरमध्ये उघडतं, खातं लागत नाही, आणि त्याची संगणकावर उतरवून ठेवायची आवृत्तीही मिळते. पावसात नेट गेलं की तिचा आधार. यात करंट पिवळ्या ठिपक्यांच्या रूपात वाहताना दिसतो, धन व्होल्टेजच्या तारा हिरव्या आणि ऋण व्होल्टेजच्या लाल. तयार उदाहरणांत ५५५ चा वेगळा गट आहे आणि त्यात आयसीचं अंतरंगही उघडून दाखवलंय. ६ व्होल्टवर कपॅसिटर २ ते ४ व्होल्टच्या मध्ये वर-खाली होताना पाहिला की ५५५ पुरवठ्याच्या एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांशला पालटतो हे पाठ करावं लागत नाही.

आता क्रम. पहिल्या दिवशी सेल, ४७० ओहम आणि एलईडी. रेझिस्टरवरचं आणि एलईडीवरचं व्होल्टेज मोजून बेरीज करायची, ती सेलच्या व्होल्टेजइतकी यायला हवी. दुसऱ्या दिवशी १० आणि १० किलोओहमचा व्होल्टेज विभाजक. मध्यावर ३ व्होल्ट मिळतात. मग खालच्या रेझिस्टरला समांतर १ किलोओहम लावा, ३ चे ०.५ होतात. ‘रेझिस्टरने व्होल्टेज कमी करून मोटर चालवू’ ही कल्पना इथे कायमची सुटते, म्हणून हा दिवस गाळू नका.

तिसरा प्रयोग सगळ्यात मोलाचा आहे आणि त्याला घाई करू नये. १०० किलोओहममधून १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ६ व्होल्टवर चार्ज करायचा. कागदावर कालांक (रोध गुणिले कपॅसिटर) १० सेकंद, म्हणजे १० सेकंदांनी ३.८ व्होल्ट आणि मिनिटाभराने जवळजवळ पूर्ण ६. फॉल्स्टॅड तेच दाखवेल. ब्रेडबोर्डवर मीटर लावून ठेवला तर ५.४५ च्या आसपास येऊन थांबेल. मुलं म्हणतील कपॅसिटर खराब. तसं नाही. डीटी८३० सारख्या मीटरचा स्वतःचा रोध १ मेगाओहम असतो आणि तो कपॅसिटरला समांतर बसतो. १०० किलोओहम आणि १ मेगाओहमचा विभाजक झाला, म्हणून ६ चे ५.४५. आता फॉल्स्टॅडमध्ये कपॅसिटरला समांतर १ मेगाओहम काढा. दोन्ही आकडे जवळ येतील. सिम्युलेटर चुकला नव्हता, आपण त्यात मीटर काढायला विसरलो होतो. जे सर्किट कागदावर, पडद्यावर आणि बोर्डवर तीन वेगळे आकडे देतं, तिथे फरक कुठून आला हे शोधायला लावणं हाच वर्गाचा खरा तास समजा.

मग बीसी५४७ चा स्विच. बेसला १० किलोओहम, कलेक्टरला ४७० ओहम आणि एलईडी. इथे पायांचा क्रम घोटाळा करतो. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले तर बीसी५४७ चे डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. परदेशी धड्यांत नेहमी दिसणारा २एन३९०४ बरोबर उलटा: एमिटर, बेस, कलेक्टर. उलटा लावलेला ट्रान्झिस्टर पूर्ण बंद पडत नाही, त्याची वाढवण्याची ताकद फार कमी होते. एलईडी मंद पेटला तर आधी पाय तपासा.

दोन ट्रान्झिस्टरांचा लुकलुका करायला घ्याल तेव्हा दोन गोष्टी सांभाळा. सिम्युलेटरमध्ये दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असल्या तर सर्किट सुरूच होत नाही, कारण कुठली बाजू आधी चालू व्हावी याला कारणच उरत नाही. एका बाजूचा रेझिस्टर ४७ ऐवजी ४८ किलोओहम करा, चालू होईल. खऱ्या बोर्डवर ही अडचण येत नाही, दोन बीसी५४७ कधीच हुबेहूब नसतात. आणि पुरवठा ६ व्होल्टवरच ठेवा. ९ व्होल्टवर बेस-एमिटरला जवळपास ८ व्होल्ट उलटे येतात, त्याची मर्यादा ६ च्या आसपास. खरा ट्रान्झिस्टर तिथे गळायला लागतो आणि वेळ गणितापेक्षा कमी भरते. साधं सिम्युलेशन हे दाखवत नाही.

एलटीस्पाइस आणि आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम, दोन्ही मोफत आणि भक्कम आहेत, पण अकरावी-बारावीनंतर घ्या. एलटीस्पाइसमध्ये नुसतं एम लिहिलं की ते मिली धरतं, मेगासाठी मेग लिहावं लागतं. १ मेगाओहम घालायला गेलेला मुलगा १ मिलिओहम घालून बसतो. आर्डुइनो (प्रोग्रॅम घालून चालवायचा छोटा बोर्ड) सुरू कराल तेव्हा वोक्वी हा सिम्युलेटर पाहा. मात्र ते प्रोग्रॅम तपासायला आहे, रेझिस्टर विसरला तरी त्यात एलईडी जळत नाही.

मये_विज्ञानमंडळ

देव बरें करूं, सगळ्यांना. १०३ वाली चूक दोन्ही बोर्डांवर सापडली, आणि शिट्टी ऐकवली तेव्हा मुलं तास संपला तरी उठत नव्हती. मखराच्या धावत्या दिव्यांसाठी ५५५ ला सीडी४०१७ (ठोके मोजून दहा आउटपुट एकामागून एक चालू करणारा आयसी) जोडायचा हे माहीत आहे. कुठे फसतं ते सांगाल का? आणि शेवटी १२ व्होल्टच्या एलईडी पट्ट्या जोडायच्या आहेत.

पेडणे_रिपेर

४०१७ ची पिन १६ प्लस, ८ मायनस. ५५५ ची पिन ३ जाते ४०१७ च्या पिन १४ ला. पिन १३ मायनसला बांधलीच पाहिजे. पिन १५ रिसेट आहे. दहाही दिवे हवेत तर तीही मायनसला, सहाच हवेत तर पिन ५ ला जोडा. आउटपुट क्रमाने पिन ३, २, ४, ७, १०, १, ५, ६, ९, ११ अशी येतात, ओळीने नाहीत. ती उतरवून घ्या, नाहीतर दिवे धावण्याऐवजी उड्या मारतील.

दिवे मध्येच एक घर गाळून पुढे जातात, ही या सर्किटची नेहमीची तक्रार. एनई५५५ चं आउटपुट बदलताना क्षणभर करंटचा झटका घेतो, पुरवठा हलतो आणि ४०१७ ला एकाऐवजी दोन ठोके मिळतात. ५५५ च्या पिन ८ आणि १ ला चिकटून १०४ आणि १०० मायक्रोफॅरड लावा, ४०१७ च्या १६ आणि ८ मध्ये आणखी एक १०४. टिंकरकॅडवर याची गरज भासत नाही, कारण तिथल्या तारांना रोध नसतो.

वेगासाठी १० मायक्रोफॅरडच्या जागी १ मायक्रोफॅरड घाला, सेकंदाला दहा पावलं पडतील. ६८ किलोओहमऐवजी १०० किलोओहमचा पॉट आणि त्याच्याशी सलग १० किलोओहम लावला तर वेग हाताने बदलता येतो. तो सलग १० किलोओहम विसरू नका.

पट्टी ४०१७ ला थेट जोडायची नाही, तिला काही मिलिअँपिअरच देता येतात. १२ व्होल्टच्या ५०५० पट्टीचा तीन एलईडींचा एक तुकडा ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो. बीसी५४७ ची कमाल मर्यादा १०० आहे, म्हणजे दोन तुकड्यांना तो संपला. टीआयपी१२२ हा जास्त करंटचा ट्रान्झिस्टर घ्या. छापील बाजू समोर धरली तर डावीकडून बेस, कलेक्टर, एमिटर. ४०१७ च्या आउटपुटपासून ४.७ किलोओहम बेसला, एमिटर मायनसला, पट्टीचा मायनस कलेक्टरला, पट्टीचा प्लस थेट १२ व्होल्टला. प्रत्येक रांगेला एक टीआयपी१२२. ५५५ आणि ४०१७ दोघांनाही १२ व्होल्ट चालतात, वेगळा पुरवठा नको. अडॅप्टर चांगल्या प्रतीचा, बंद डबीतला घ्या आणि मखराच्या कापडापासून, फुलांच्या ओलीपासून दूर ठेवा. हेच सर्किट दिवाळीला नरकासुराच्या डोळ्यांना वापरता येईल.

मये_विज्ञानमंडळ

एक शेवटचा प्रश्न. १० मायक्रोफॅरड लावून चारही जोड्यांनी २० लुकलुकींचा वेळ घेतला: २१, २३, २२ आणि २४ सेकंद. गणिताने सव्वावीस यायला हवे होते. घड्याळाची चूक एवढी असेल का?

अंत्रुज_सर्किट

घड्याळ बरोबर आहे, कपॅसिटर वेगवेगळे आहेत. या डबीसारख्या कपॅसिटरांवर १० छापलेलं असलं तरी ८ ते १२ मधला कुठलाही चालतो, कारण त्यांची सूट २० टक्के असते. रेझिस्टरची सूट ५ टक्के, म्हणून मुख्य फरक कपॅसिटरचाच. आता मुलांना उलटं गणित द्या. २३ सेकंदवाल्या जोडीचा एक फेरा १.१५ सेकंदांचा. त्याला ०.६९३ आणि १४६ किलोओहमच्या गुणाकाराने भागलं की ११.४ मायक्रोफॅरड मिळतात. डीटी८३० कपॅसिटर मोजत नाही. तुमच्या मुलांनी ५५५ आणि मनगटी घड्याळ घेऊन तो मोजला आहे. प्रत्येक कपॅसिटरवर त्याचा खरा आकडा चिकटपट्टीने लावून ठेवा, आणि तोच आकडा टिंकरकॅडमध्ये घालून परत चालवा.